सजावलची चौकशी

पांढऱ्या सुझुकीतून दोन माणसं उतरली आणि सजावलबद्दल विचारू लागली, तेव्हा आमच्या ढोक कंगर वस्तीतल्या एकाही शहाण्याला 'हे कोण?' असा प्रश्न पडला नाही. मुलगा सिगरेट ओढतो का, दोस्त कोण आहेत, डोकं गरम आहे का, घराण्यात कुणाला काही आजार, कुणाचं देणं तर नाही ना, कुठल्या मशिदीत जातो आणि नमाजानंतर कुणाशी बोलत बसतो. असले प्रश्न आमच्याकडे एकच जमात विचारते. ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे ती.

"रिश्तेवाले आलेत," मेहरबान दुकानदाराने त्यांना साखर-पत्तीचा भाव सांगता सांगता ठरवून टाकलं आणि बातमी मोटारीच्या आधी आमच्या दारात पोचली.

यात माझं काय गेलं म्हणाल, तर सगळंच. सजावलशी माझी मंगनी झालेली. तो माझ्या खुर्शीद फूफीचा मुलगा, म्हणजे अब्बांचा भाचा. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. अब्बा मस्कतला जायच्या आधी स्वतःच्या हाताने त्याच्या बोटात अंगठी घालून गेले होते. त्यानंतर लग्नाची तारीख दोनदा ठरली आणि दोन्ही वेळा 'सुट्टी मिळत नाही' म्हणून पुढे गेली. आता सुट्टी न मिळणारी ही नोकरी कसली, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. फौजेसारखंच आहे, एका गोदामावर पहारा असतो, एवढंच तो सांगे. वस्तीने मग गोदाम म्हणजे खताचं गोदाम असं परस्पर ठरवलं. तो सुट्टीवर आला की म्हातारे त्याला कोपऱ्यात घेत, "बेटा, दोन पोती डीएपी बघ ना सवलतीत." तो हसायचा. "चाचा, आमच्याकडचं खत तुमच्या शेताला झेपायचं नाही."

बातमी आली तेव्हा अम्मी अंगणात शेंगा फोडत बसली होती. माझी अम्मी उंच, गोरी आणि दिसायला अगदी गरीब गाय. पण तिच्या जिभेला हाड नाही. ती भांडायला उभी राहिली की पलीकडच्या घरची कोंबडी अंडं द्यायची थांबते.

"कळलं ना आता तारखा का ढकलल्या ते?" ती म्हणाली. "खुर्शीद आपाने पिंडी शहरातली कुणीतरी गाठलीय. बंगलेवाली. सुट्टी मिळत नाही म्हणे!"

"अम्मी, आधी फूफीला विचारू या ना."

"चोराला विचारून पोलीस पाठवतात का कधी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पिंडीवाली हवी तर खुशाल घे म्हणावं, असं तोंडाने म्हणत होते आणि पाय चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत नुसते फिरत होते. बाहेर जाऊन त्या दोघांची गचांडी धरावी असं वाटत होतं. पण रिश्तेवाल्यांसमोर मुली जात नाहीत, त्यात दुसरीच्या रिश्त्याला आलेल्यांसमोर तर नाहीच. एवढ्यात कडी वाजली.

अम्मीने बाजेवर नवा खेस अंथरला. अंडी तळली, बिस्किटं काढली. दोघांपैकी मोठा पांढऱ्या मिशांचा, बोलायला मऊ. धाकटा नुसता ऐकत होता. मी चुलीपाशी पडद्यामागे.

"खाला, शेजारी म्हणून विचारतोय. मुलगा कसा आहे?"

"सोनं," अम्मी म्हणाली. मग तिने एक लांब सुस्कारा सोडला. "फक्त..."

दुसऱ्याचा जमत आलेला रिश्ता चार शब्दांत मोडण्याला आमच्याकडे भानी मारणं म्हणतात, आणि भानी मारणं हे येड्यागबाळ्याचं काम नाही. शिव्यांनी सुरुवात केलीत तर समोरचा ओळखतो की हिच्या पोटात दुखतंय. आधी गोडवे गावे लागतात, मग अडखळावं लागतं, आणि वाईट ते समोरच्याने आपल्या तोंडून ओढून काढावं लागतं.

"फक्त काय, खाला?"

"जाऊ द्या, भाईजान. कुणाच्या लेकराचं वाईट का बोला? मीही मुलीची आई आहे."

"मुलीची आई आहात म्हणूनच विचारतोय."

बस्स. मग अम्मीने नको नको म्हणत सगळं ओतलं. त्याला लहानपणापासून फिट येतात. चालता चालता पडतो, तोंडाला फेस. झोपेत ओरडतो. मग कितीतरी दिवस गप्प, कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. "आणि हल्ली कुठल्या तरी दाढीवाल्यांच्या बैठकीला जाऊन बसतो म्हणतात. मी पाहिलेलं नाही हां, ऐकलंय."

मिशीवाल्याची कपबशी हातातच राहिली. "कुठल्या बैठकीला?"

"आम्हा बायकांना काय माहीत!"

त्याने चहा अर्धाच टाकला आणि दोघे उठले. गाडी गेल्यावर अम्मीने पडदा बाजूला करून मला मिठी मारली. "आता ती गाडी पिंडीपर्यंत मागे वळून बघायची नाही."

मी हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पण संध्याकाळी दाणे पाखडताना एक गोष्ट मनात खुपायला लागली. "अम्मी, ते फूफीच्या दारात गेलेच नाहीत. मुलाच्या आईला न भेटता कुणी रिश्ता बघून जातं?"

"माझ्या चहाने पोट भरलं त्यांचं," अम्मी म्हणाली.

भुईमूग उपटायचे दिवस आले आणि सजावल घरी आला. पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली गादी, दोन्ही घेऊन. सुट्टीवर येणारा माणूस गादी आणत नाही, पण फूफीला त्याचं काय! ती बताशांचं ताट घेऊन आली, "भाभी, या वेळी लांब सुट्टी आहे. तारीख काढून टाकू." अम्मीने तिला असं काही कवटाळलं की बताशे अंगणभर झाले. आणि माझ्या कानाशी, "बघितलंस? भानी लागू पडली. पिंडीवाली गेली, पाखरू घरी."

पाखरू मात्र कुठे बसत नव्हतं. विहिरीपासून कबरस्तानापर्यंत जायचा आणि परत. फोन हातात, सारखा उलटा-सुलटा करून बघायचा. बाजेवर बसला तर गुडघा हलत राहायचा. ताटातली रोटी अर्धी टाकून उठायचा. मेहरबान दुकानात सगळ्यांना सांगे, "लग्नाची घाई झालीय पठ्ठ्याला." मी गच्चीवरून बघायचे आणि माझाही पाय ठरत नसे. ही घाई लग्नाची नाही, हे कळत होतं. पण मग कसली?

मंगनी झालेल्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण भुईमुगाच्या दिवसांत सगळी वस्ती शेतात असते आणि तेवढे दिवस म्हातारेही आंधळे होतात. मी बांधाशी बसून मातीतल्या शेंगा वेचत होते. तो पलीकडे कुदळ मारत होता, जरुरीपेक्षा जोरात.

"सफू," तो मान वर न करता म्हणाला, "या वस्तीत माझं वाईट कुणाला हवंय?"

"का रे?"

"मला बाजूला काढलंय. हत्यार जमा करून घेतलं. ही सुट्टी नाही."

"असं का केलं?"

त्याने कुदळ खाली ठेवली, चारी बाजूंना बघितलं. "अल्लाची शपथ घे, कुणाला बोलणार नाहीस. मी तशी सही करून दिलेली आहे. आईला नाही सांगितलं, कुणालाच नाही."

मी शपथ घेतली.

"ते गोदाम खताचं नाही. तहसिलीच्या चौकात सिमेंटचं क्षेपणास्त्र आहे ना, पोरं ज्याच्यावर चढून फोटो काढतात? तसली खरी असतात. त्यांच्या पोटात भरायचे अणुबॉम्ब असतात, ते बनवायचा माल असतो. त्या सगळ्याची राखण करायला एक वेगळं दल आहे. मी त्यात आहे."

मला आधी अभिमान वाटला. मग लगेच भीती वाटली. आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, हे त्याने फक्त मला सांगितलं म्हणून गालावर ऊन आलं.

"आत काय असतं?"

"मी पाहिलेलं नाही. पाहावंसं वाटणारा माणूस त्या कामाचा नाही. म्हणून तर आमची सारखी चौकशी होते. साध्या कपड्यांत दोघं येतात, शेजारीपाजारी विचारून जातात. ते कोण हे आम्ही घरी सांगायचं नसतं, म्हणजे लोक खरं बोलतात." तो कडवट हसला. "या वेळी कुणीतरी सांगितलं मला फिट येतात. आणि मी दाढीवाल्यांच्या बैठकीला जातो."

माझ्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती खरंच सरकते.

"मग सांग ना त्यांना, खोटं आहे म्हणून!"

"सांगितलं. डॉक्टरने डोक्याला तारा लावून तपासलं. म्हणतो, आज काही दिसत नाही, पण उद्याचं कोण सांगणार? पुन्हा येतील विचारायला. तेव्हाही तेच निघालं तर कायमचा घरी बसलो." त्याने कुदळ उचलली. "गुलफराज असणार. पाण्याच्या पाळीवरून डूख धरून आहे. त्याला आजच विचारतो."

'अम्मी होती' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण फूफीच्या कानावर ते गेलं असतं तर भावजय-नणंदेचं कायमचं फाटलं असतं आणि मंगनीची अंगठी दुसऱ्या दिवशी परत आली असती. मी एवढंच म्हणाले, "गुलफराजला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. थोडा थांब." तो थांबला. पण त्या दिवशी त्याने एकट्याने सगळा बांध खणून काढला.

मी तशीच मातीच्या हातांनी घरी गेले आणि अम्मीसमोर उभी राहिले. शपथ मोडत होते, पण शपथ राखली तर त्याची नोकरी जात होती. मला त्या वेळी तेवढंच दिसत होतं. सांगितलं. ते गोदाम खताचं नाही, बॉम्बचं आहे, ते दोघे सरकारी होते, सजावलच्या कामाकडून आले होते, तुझ्या जिभेने त्याचं हत्यार गेलं.

अम्मी आधी "मी काय बोलले? मी तर सोनं म्हणाले!" म्हणत राहिली. मग मटकन बाजेवर बसली. मग तिला राग आला.

"मेले पाहुण्यासारखे येतात, माझी अंडी खातात आणि सांगत नाहीत आम्ही कोण! सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर?"

"तर मी खरं बोलले असते! सरकारी माणसाशी खोटं कोण बोलतं?"

"अम्मी, ते पुन्हा येणार आहेत. आले की सरळ सांग. तुम्ही रिश्तेवाले आहात असं वाटलं, मुलीचं घर वाचवायला भानी मारली, सगळं खोटं."

"परक्या पुरुषांसमोर नाक कापून घेऊ?"

"नाक राहील आणि जावई जाईल. बघ काय ठेवायचं ते."

ती रडली, मला शिव्या दिल्या, मग म्हणाली, "तू मुलगी आहेस म्हणून. नाहीतर तुझी अम्मी कुणाला घाबरत नाही." म्हशीला चारा घालताना ती कबुलीचे शब्द पुटपुटून पाठ करायची. आम्हा दोघींचा जीव टांगणीला लागला. मोटारीचा आवाज आला की दोघी दाराशी. कधी दुधाची गाडी निघे, कधी कुणाचा वऱ्हाडाचा टेम्पो. मी भाजीत दोनदा मीठ घालायचे, अम्मी एकदाही घालायची नाही. आणि भिंतीपलीकडे सजावलच्या येरझारा ऐकू यायच्या, कारण तो चपला घासत चालतो.

शेवटी एका दुपारी पांढरी सुझुकी आली. दुकानाशी थांबली, मशिदीशी थांबली, मग आमच्या दारात.

अम्मीने त्यांना बसूही दिलं नाही. डोक्यावरची ओढणी काढली आणि मिशीवाल्याच्या पायांशी टाकली. बाईने ओढणी पायाशी टाकली की आमच्याकडे पुरुषाला ऐकावंच लागतं. "भाईजान, मी खोटं बोलले. मुलाला फिट येत नाहीत, बैठक-बिठक काही नाही. तुम्ही पिंडीचे रिश्तेवाले असं वाटलं मला. तो माझ्या मुलीचा मंगेतर आहे. तुमची मुलगी येऊ नये म्हणून मी भानी मारली. मला काय हवी ती शिक्षा करा, मुलाचं भलं करा."

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. मिशीवाल्याच्या मिशा हलायला लागल्या. आणि तो हसला, अगदी पोटापासून. धाकट्यालाही आवरेना.

"खाला, खाला! माझ्या बहिणीचे दोन रिश्ते मोडले भानीने. आमच्या गावात तर एक म्हातारी होती, तिला लोक त्यासाठी तूप पाठवायचे." तो बाजेवर टेकला. "या वयात मी मुलगी घेऊन फिरतोय असं वाटलं होय तुम्हाला? चहा टाका. आज पूर्ण पिऊन जातो."

मी चुलीवर आधण ठेवलं. साखर किती घातली कुणास ठाऊक. इतकी खुशी मला माझ्या मंगनीलाही झाली नव्हती. संध्याकाळी सजावलला भिंतीवरून हाक मारून सांगेन, गुलफराजवरचा राग सोड, असं मनात जुळवत होते.

"पण एक सांगा, खाला," बाहेर मिशीवाला म्हणत होता, तसाच मऊ. "आम्ही रिश्तेवाले नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच, भुईमुगाच्या दिवसांत."

"कुणी सांगितलं?"

तेव्हा मला कळलं. खोटं मागे घ्यायला आम्ही ज्या दारातून गेलो होतो, ते दार, म्हणजे स्वतःचं तोंड, बंद ठेवायची त्याने सही दिली होती. मी ओढणी न सावरता पडद्याबाहेर आले. "कुणी नाही, मीच ओळखलं..."

पण अम्मीने सुरुवात केली होती. तिच्या चेहऱ्यावर जावयाचं कौतुक करायची संधी मिळालेल्या आईचा उजेड होता. "सजावलनेच, भाईजान! माझ्या मुलीपासून तो काही लपवत नाही. जे असेल ते हिच्यापुढे मोकळं करतो, अगदी ते गोदामाचं, त्या बॉम्बचंसुद्धा. असा मंगेतर आजकाल मिळतो का, तुम्हीच सांगा."

मिशीवाल्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"बेटी, त्याने तुला काय सांगितलं?"

"काही नाही."

"काही नाही?"

"तो गोदामावर असतो. खताच्या."

धाकट्याने मान खाली घातली. चहा उतू जाऊन चूल विझली, तरी मी हलले नाही.

"खाला," मिशीवाला म्हणाला, "फिटचं मी आज खोडणार होतो. बैठकीचंही. आणि खरंच फिट येत असत्या, तरी त्याला आमच्याकडे दुसरं काम मिळालं असतं. आजारी माणसाला काम असतं. बोलणाऱ्याला नसतं." त्याने वाकून अम्मीची ओढणी उचलली, माती झटकली, दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर घातली आणि निघून गेला. अम्मी मला विचारत राहिली, "मी काय वाईट बोलले? चांगलंच तर बोलले ना?"

सजावलला चार दिवसांनी फोन आला. तो ऐकत राहिला, 'जी सर' म्हणाला, आणि फोन खिशात ठेवून म्हशीला पाणी दाखवायला गेला. त्याचं ते फिरणं त्या दिवसापासून थांबलं. कुणी सांगितलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

फूफीला त्याने नोकरी सोडली म्हणून सांगितलं. अंगठी परत आली नाही. उलट थंडीत आमचं लग्न झालं, अब्बा मस्कतहून आले, ढोल वाजला. आता तो गुलफराजच्या शेंगा झोडायच्या मशीनवर असतो. अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, जावई हिरा आहे, कामावरून थेट घरी. आहेच. आवाज चढवत नाही, माझ्या अम्मीला अजून सलाम करतो, आणि मला त्याने एका शब्दाने दोष दिलेला नाही. त्याने कधीतरी ओरडावं म्हणून मी मुद्दाम रोटी करपवते. तो करपलेली रोटी खाऊन उठतो.

परवा मेहरबानच्या दुकानात कळलं की सकाळी मशीनमध्ये त्याचा अंगठा चेचला, रक्त थांबेना, तहसिलीला नेऊन टाके घातले. मी धावत घरी आले. तो बाजेवर बसला होता, पट्टीचा हात मांडीखाली घेऊन.

"कसं झालं?" मी विचारलं. "दुखतंय का?"

"काही नाही," तो म्हणाला.